हुतात्मा वैमानिकाची पेटी: पदके, लॉगबुक, गणवेश कसे जपाल

1971च्या युद्धातून परत न आलेल्या वैमानिकाची पेटी उघडली की हात आधी पदकाकडे जातो, मग ब्रासोकडे. चिंच, टूथपेस्ट, ब्रासो, काहीही लावू नका. वीरचक्र चांदीचे, व्यास सुमारे 35 मिलिमीटर, मधल्या राजमुद्रेवर सोन्याचा मुलामा. घासल्यावर आधी मुलामा जातो, मग कडेवरचा क्रमांक, हुद्दा आणि नाव. नाव पुसलेले पदक कोणाचे, हे नातवंडांना सांगता येणार नाही. काळेपणा हा सल्फाइडचा पातळ थर असतो, तो राहिला तरी चालतो. घामातले मीठ मात्र धातू खाते, म्हणून नायट्राइलचे हातमोजे घाला. ‘पूर्वी स्टार’ किंवा ‘पश्चिमी स्टार’ (1971च्या युद्धातल्या पूर्व आणि पश्चिम आघाडीवरच्या सेवेची पदके) यांवर हिरवी भुकटी दिसली तर ते पदक वेगळे ठेवून संवर्धकाला, म्हणजे जुन्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवा.

वीरचक्राची फीत (अर्धी गडद निळी, अर्धी केशरी, रुंदी 32 मिलिमीटर) धुऊ नका, रंग उतरतो. भिंतीवर लावायचे असेल तर नवी फीत जोडा आणि जुनी अंधारात जपा. लोकरी अस्तर आणि रबर यांतून निघणाऱ्या गंधकाने चांदी काळवंडते. पदकांसाठी 5 लिटरच्या घट्ट डब्यात 100 ग्रॅम सिलिका जेल (ओलावा शोषून रंग बदलणारे दाणे) पुरते. कोकणातल्या पावसाळ्यात दाण्यांचा रंग दर आठवड्याला पाहा. कागद या डब्यात नको, तो ठिसूळ होतो.

सर्वांत मोलाचे लॉगबुक. तारीख, विमानाचा क्रमांक, कामगिरी, हवेतला वेळ, सारे त्याच्याच अक्षरात. आधी त्याचे फोटो काढा: दोन्ही बाजूंना उशांचा आधार, कॅमेरा वरून, प्रत्येक पान, शेवटच्या नोंदीनंतरची कोरी पानेसुद्धा. ती फाडू नका. लॅमिनेशन आणि सेलोटेप दोन्ही वर्ज्य, कारण गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. गंजलेल्या टाचण्या काढा. घरी आलेली तार आम्लयुक्त कागदावर असते, ती पत्रांपासून वेगळी, आम्लरहित कागदात, उलगडून ठेवा.

लोकरी गणवेशाला कसर लागते. डांबरगोळ्या टाकू नका. हवाबंद पिशवीत घालून उणे 18 अंशांवर 2 आठवडे ठेवा, नंतर पिशवी एक दिवस न उघडता बाहेर राहू द्या, नाहीतर दव धरते. जुन्या घड्याळाच्या काट्यांवर किरणोत्सर्गी रेडियम असू शकतो, झाकण उघडू नका.

फोटोतल्या सोबत्यांची नावे घरातल्या थोरांना आजच विचारा. मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.