प्रोसेसरचं तापमान दाखवणारं विजेट: आकड्यावर विसंबण्याआधी या चुका टाळा

मे महिना, नागपूर. माझा मावसभाऊ लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. ऐन लग्नसराईत त्याचा कॉम्प्युटर रेंडर करता करता, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ पक्का तयार होत असताना, फटकन बंद पडायला लागला. फोनवर म्हणाला, "दादा, टेंपरेचर तर अठ्ठावीसच दाखवून राहिलं ना, मग बंद काहून पडते?"

मी स्क्रीनचा फोटो मागवला. डेस्कटॉपच्या उजव्या कोपऱ्यात विजेट, म्हणजे सतत दिसणारं सुबक गोल मीटर, सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) ९७ टक्के आणि त्याखाली तापमान २७.८ अंश. "खोलीत किती आहे?" विचारलं, तर कूलर चालू असूनही भिंतीवरचं थर्मामीटर ३६ दाखवत होतं. तिथेच उत्तर मिळालं. प्रोसेसरवरचा पंखा खोलीतलीच हवा त्याच्यावर फेकतो. त्या हवेने प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होणं शक्यच नाही. विजेटवरचा आकडा खोटा होता, आणि त्याच्यावर भरवसा ठेवून भावाने दोन आठवडे भलत्याच गोष्टी तपासल्या होत्या: आधी रॅम, मग पॉवर सप्लाय, मग विंडोज पुन्हा टाकून झालं.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक: आकडा येतो कुठून हे न बघणं

विजेट स्वतः काहीही मोजत नाही. दुसऱ्या कोणी वाचलेला आकडा ते फक्त रंगवून दाखवतं. बरीच साधी विजेट्स विंडोजकडे 'थर्मल झोन'चं, म्हणजे मदरबोर्डने नेमून दिलेल्या एका भागाचं, तापमान मागतात, कारण त्यासाठी वेगळा ड्रायव्हर (हार्डवेअरशी बोलणारा छोटा प्रोग्राम) लागत नाही. हा आकडा मदरबोर्डचं बायॉस, म्हणजे त्यातच भरलेला मूळ प्रोग्राम, पुरवतं. अनेक डेस्कटॉप मदरबोर्डवर तिथे खरा सेन्सर जोडलेलाच नसतो, एक कायमची संख्या भरून ठेवलेली असते. ही संख्या केल्व्हिनच्या दहाव्या भागात असते. ३०१० म्हणजे ३०१ केल्व्हिन, त्यातून २७३.१५ वजा केले की २७.८५. भावाच्या पडद्यावरचा २७.८ हा असा आला होता. डिसेंबरातही त्याला तोच दिसला असता.

याची परीक्षा सोपी आहे. प्रोसेसरवर एकदम भार टाका, म्हणजे मोठी फाइल झिप करा किंवा एखादा व्हिडिओ रेंडरला लावा, आणि विजेटकडे बघा. कोअरचं, म्हणजे प्रोसेसरच्या आत प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागाचं, खरं तापमान एक-दोन सेकंदांत उसळी मारतं. दहा-पंधरा सेकंदांत आकडा जागचा हलला नाही, तर तो कोअरचा नाही हे नक्की समजा.

खरं तापमान प्रोसेसरच्या आतल्या सेन्सरमधून येतं, आणि तिथेही एक खोच आहे. इंटेलचा सेन्सर 'मी इतका तापलोय' असं सांगत नाही, 'मर्यादेपासून मी इतका लांब आहे' असं सांगतो. ही मर्यादा अनेक मॉडेल्सना १०० अंश असते, पण सगळ्यांना नाही. जुन्या विजेटने ती चुकीची धरली, की प्रत्येक आकडा तेवढाच सरकतो. शिवाय हा सेन्सर मर्यादेजवळ बऱ्यापैकी अचूक असतो आणि थंड असताना ढिला. काम नसताना दोन कोअरमध्ये चार-पाच अंशांचा फरक दिसला, तर त्याची काळजी करू नका.

प्रोसेसर बनवणारी दुसरी कंपनी एएमडी, तिची गोष्ट वेगळी. तिचे रायझन १७००एक्स आणि १८००एक्स हे प्रोसेसर पंख्याच्या नियंत्रणासाठी २० अंश वाढवून आकडा कळवतात, २७००एक्स १० अंश वाढवून. ही वजाबाकी न करणारं विजेट वापरून कित्येकांनी प्रोसेसरवरचे धडधाकट कूलर बदलले. त्यानंतरच्या रायझन ७००० मालिकेत पूर्ण भाराला ९५ अंश दिसणं हे कंपनीने ठरवूनच दिलेलं आहे. तिथे ९५ बघून घाबरायचं कारण नाही.

टास्क मॅनेजरमध्ये ८० टक्के, विजेटमध्ये ५०: खरं कोण?

दोन्ही. जुन्या पद्धतीत प्रोसेसर किती वेळ कामात होता एवढंच मोजतात. विंडोज ८ पासूनचा टास्क मॅनेजर (विंडोजमध्ये चालू प्रोग्राम आणि त्यांचा भार दाखवणारी खिडकी) प्रोसेसरचा वेगही हिशेबात धरायचा; २०२५ मधल्या विंडोज ११ च्या अपडेटपासून तोही जुन्या पद्धतीने मोजतो. समजा मूळ वेग २.५ गिगाहर्ट्‌झ आहे, टर्बोमुळे (गरजेला वेग आपोआप वाढवण्याच्या सोयीमुळे) तो ४ वर धावतोय आणि निम्मा वेळ कामात आहे. विजेट ५० म्हणेल, तसा टास्क मॅनेजर ८०. त्यामुळे या दोघांची तुलना करत बसू नका. एकच निवडा आणि त्यातला चढउतार बघा.

एकूण टक्केवारीवर मात्र कधीच थांबू नका. आठ थ्रेडच्या, म्हणजे एका वेळी आठ कामं चालवणाऱ्या, प्रोसेसरवर एखादा अडकलेला प्रोग्राम एक थ्रेड पूर्ण खात असेल, तर एकूण आकडा जेमतेम १२.५ दिसतो आणि वाटतं, मशीन निवांत आहे. पंखा मात्र बोंबलत असतो. विजेटमध्ये प्रत्येक थ्रेडची वेगळी पट्टी लावून घ्या.

रेनमीटर: तापमान सकाळी दिसतं, रात्री गायब

ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की सविस्तर सांगतो. रेनमीटर म्हणजे विंडोजवर विजेट्स लावून देणारं सॉफ्टवेअर. ते प्रोसेसरचा वापर स्वतः दाखवतं, पण तापमानासाठी त्याला दुसरा प्रोग्राम लागतो. बहुतेक लोक एचडब्ल्यूइन्फो हा सेन्सर वाचणारा प्रोग्राम जोडतात आणि त्याच्या सेटिंगमध्ये 'शेअर्ड मेमरी सपोर्ट', म्हणजे आकडे दुसऱ्या प्रोग्रामला देण्याची सोय, चालू करतात. मोफत आवृत्तीत ही सोय १२ तासांनी आपोआप बंद होते. मशीन दिवसरात्र चालू असेल, तर रात्री विजेट रिकामं पडतं आणि माणूस स्किन (विजेटची मांडणी) पुन्हा टाकत बसतो. स्किनला काही झालेलं नसतं. सेटिंगमधली तीच खूण परत करा, आकडे येतात. रोजची ही कटकट नको असेल तर कोअर टेम्प हा तापमान वाचणारा प्रोग्राम वापरा. त्याचं प्लगिन (जोडणारा भाग) रेनमीटरसोबतच येतं, फक्त कोअर टेम्प मागे सुरू राहिला पाहिजे.

डिफेंडरने अडवलं म्हणून त्याला गप्प करू नका

मार्च २०२५ पासून विंडोज डिफेंडर, म्हणजे विंडोजमधला अँटिव्हायरस, तापमान वाचणाऱ्या अनेक प्रोग्रामांवर 'विनरिंग०' या नावाने इशारा देऊ लागला. विनरिंग० हा ड्रायव्हर प्रोसेसरच्या आतले आकडे वाचायला वापरला जायचा, आणि त्यातली त्रुटी २०२० सालीच नोंदवली गेली आहे. तिचा फायदा घेऊन दुसरा कोणी तुमच्या मशीनचा पूर्ण ताबा मिळवू शकतो. व्हिडिओ बघून तो प्रोग्राम डिफेंडरच्या 'अपवाद' यादीत टाकणं हा उपाय नव्हे. त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती घ्या किंवा सरळ दुसरा वापरा. एका मीटरसाठी एवढा धोका पत्करू नये, असं मला मनापासून वाटतं.

हेच विंडोज ७ च्या जुन्या गॅजेट्सना, म्हणजे त्या काळच्या विजेट्सनाही लागू. जुलै २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच ती सुरक्षेच्या कारणावरून बंद करायला सांगितली आणि विंडोज ८ मधून काढून टाकली. ती परत आणणारे पॅक आजही मिळतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आकडे सेकंदाला चार-पाच वेळा ताजे करण्याचा हट्टही नको. प्रोसेसर विसावायला बघतो आणि विजेट त्याला उठवत राहतं, लॅपटॉपची बॅटरी त्यातच जाते. दोन सेकंदांचं अंतर पुरेसं आहे. तापमान वाचणारे दोन प्रोग्राम एकाच वेळी चालवले, तर पंख्याचा वेग मधूनच शून्य किंवा भलताच मोठा दिसू शकतो. एक बंद करा. लिनक्सवर कॉन्की हे विजेट वापरत असाल आणि मशीन पुन्हा सुरू केल्यावर प्रोसेसरच्या जागी डिस्कचं तापमान दिसायला लागलं, तर 'एचडब्ल्यूमॉन'चा, म्हणजे लिनक्स सेन्सरला देतं तो, क्रमांक बदलला आहे. तो क्रमांक दर वेळी तोच राहील याची खात्री नसते, म्हणून क्रमांकावर न विसंबता सेन्सरच्या नावाने शोधा: इंटेलला 'कोअरटेम्प', एएमडीला 'के१०टेम्प'.

मावसभावाला मी एचडब्ल्यूइन्फो टाकायला लावलं. रेंडर सुरू करून मिनिट व्हायच्या आत पॅकेज तापमान (अख्ख्या प्रोसेसरचं) १००, आणि 'थर्मल थ्रॉटलिंग' (तापल्यामुळे वेग कमी करणं) समोर लाल अक्षरात 'येस'. कॅबिनेट उघडलं तेव्हा कूलरच्या पात्यांमध्ये धुळीची लोकरीसारखी गादी बसली होती. शिवाय इंटेलच्या त्या कूलरला चार कोपऱ्यांत दाबून बसवायच्या ज्या प्लास्टिकच्या पिना असतात, त्यातली एक वर निघाली होती. कूलर एका बाजूने प्रोसेसरला टेकतच नव्हता. ब्रशने धूळ काढली, प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावली, चारही पिना टक आवाज येईपर्यंत दाबल्या. त्याच खोलीत, तोच रेंडर लावला. मीटर ८१ वर जाऊन थांबलं.