एका दिवसात वाकाटकांची राजधानी: नागपूरहून मनसर, नगरधन, रामटेक कसं पाहावं

नागपूरकर रामटेकला जातो, रामाचं दर्शन घेतो, खिंडसी तलावात बोटीत बसतो आणि परततो. त्यात वाईट काही नाही. पण त्याच टेकडीच्या आसपास, दहा-बारा किलोमीटरच्या आत, पाचव्या शतकातलं एक राज्य, वाकाटक राजघराण्याचं, मातीखाली पडलेलं आहे. ते पाहायचं तर दिवस जरा वेगळा आखावा लागतो.

निघण्याआधी गोष्ट समजून घ्या

ही पायरी गाळू नका, नाहीतर पुढे नुसत्या विटाच दिसतील. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक प्रभावतीगुप्ता वाकाटकांची सून होऊन विदर्भात आली. नवरा, दुसरा रुद्रसेन, लवकर वारला आणि मुलं लहान होती, म्हणून कारभार तिनं स्वतःच्या हाती घेतला. तिचा एक ताम्रपट नंदिवर्धनातून, म्हणजे आजच्या नगरधनातून दिलेला आहे. दुसरा दिला आहे रामगिरीच्या स्वामीच्या पायांपासून, म्हणजे रामटेकहून. राज्य सासरचं, तरी ताम्रपटात ती वंशावळ माहेरची, गुप्तांची देते. मुलांना हे गाडीत बसण्याआधी सांगा.

महिना निवडा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला. मे महिन्यात पारा 45 च्या घरात असतो आणि दगड-विटा तव्यासारख्या तापतात. मी एकदा उन्हाळ्यातच आईला घेऊन गेलो होतो. मनसरच्या टेकडीच्या पायथ्याशीच तिला घेरी आली. वरचं बांधकाम तिनं अजून पाहिलेलं नाही, याची खंत मला आहे. कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकला मोठी जत्रा भरते. जत्रेसाठी अवश्य जा, पण शिल्पं निवांत पाहायची असतील तर ते दिवस टाळा.

सकाळी मनसर

साडेसहाला निघा. तर्री पोहे खाऊन घ्या, पाणी भरपूर घ्या. कामठी, कन्हान करत जबलपूर रस्त्यानं सुमारे 45 किलोमीटरवर मनसर लागतं. तिथं हिडिंबा टेकडी विचारा. 1998 पासून जगत्पती जोशी आणि अ. कृ. शर्मा यांनी इथं उत्खनन केलं आणि टेकडीच्या पोटातून विटांचं प्रचंड बांधकाम बाहेर आलं. प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन यानं वसवलेलं प्रवरपूर ते हेच, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी मात्र प्रवरपूर वर्ध्याजवळच्या पवनारला मानलं होतं. टेकडी एका बाजूनं चढून लगेच उतरू नका. चारी अंगांनी फिरा, विटांचे थर एकावर एक कसे चढत गेलेत ते बघा. गवतात पाय टाकताना जपून, बूट घालूनच जा. इथल्या शिवाच्या एका देखण्या मूर्तीसाठी मात्र दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय गाठावं लागेल.

दुपारच्या आत नगरधन

रामटेकहून दक्षिणेला आठ-नऊ किलोमीटर. समोर दिसतो तो किल्ला भोसल्यांच्या काळातला. वाकाटकांची राजधानी शोधायची ती गावात आणि भोवतालच्या शेतांत, जमिनीखाली. काही वर्षांपूर्वी इथल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. त्यावर ब्राह्मी अक्षरं आहेत आणि शंख आहे. गावातून आणि धानाच्या बांध्यांच्या कडेनं पायी एक चक्कर मारा. जुन्या खापराचा तुकडा दिसला तर बघा, पण खिशात घालू नका. तो जिथं पडला आहे तिथंच त्याला अर्थ आहे. शिदोरी इथंच झाडाखाली सोडा.

तीन वाजता रामटेकचा गड

गाडी वरपर्यंत जाते. पाय धड असतील तर अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी चढा. माकडांपासून पिशव्या सांभाळा, खायचं काही हातात धरू नका.

गडमंदिरात जाण्याआधी वराहापाशी थांबा. भला मोठा दगडी वराह आहे. त्याच्या पोटाखालून लोक सरपटत पार होतात, पापी माणूस अडकतो म्हणतात. मग केवल नरसिंहाचं देऊळ. माझ्या मते सगळ्या सहलीतली ही सगळ्यात मोलाची जागा, आणि बहुतेक लोक तिच्यावरून पुढं निघून जातात. हा नरसिंह हिरण्यकशिपूला फाडत नाही. हाती चक्र घेऊन तो ऐसपैस, स्वस्थ बसला आहे. देवळातल्या शिलालेखात 'प्रभावतीस्वामी' हे देवाचं नाव येतं; आईच्या नावानं तिच्या लेकीनं देव स्थापला, असा त्याचा अर्थ लावतात. निदान अर्धा तास द्या. विजेरी असू द्या, आत उजेड कमी असतो. जवळच रुद्र नरसिंहाचं देऊळ आहे, तेही बघा.

त्यानंतर रामाचं दर्शन. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, हे मिराशींनी मांडलं. इतरांनी इतर डोंगर सुचवले आहेत, पण आषाढाचे ढग रामटेकवर उतरताना पाहिल्यावर मला मिराशींचंच खरं वाटतं.

सूर्य कलला की गडाच्या पूर्वेच्या कडेला या. तिरपी किरणं खिंडसीच्या पाण्यावर पडतात आणि खालची शेतं पिवळी होतात. अंधाराच्या आत उतरा, महामार्गावर रात्री ट्रकांची रांग असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलात तर खाली उकडलेले शिंगाडे मिळतात. घरी जाताना घेऊन जा.