ट्रेलरला रोलर बसवताय? होडीचा तळ वाचवायचा तर या चुका टाळा

पूर्वी होडी वर घ्यायची म्हणजे दहा-बारा माणसं, खाली आडवे ओंडके, आणि मागचा ओंडका मोकळा झाला की उचलून पुढे टाकायला एक पोरगा. ओंडके कुठेही बांधलेले नसत, त्यामुळे ते फिरत. आणि होडीचा सगळा भार यायचा तो तळाच्या कण्यावर, ज्याला जुने वाढई पठाण म्हणत आणि आता आपण कील म्हणतो. ट्रेलरवरचा रोलर हा त्याच ओंडक्याचा धाकटा भाऊ. फिरला पाहिजे आणि कण्याखाली बसला पाहिजे. यातलं एक जरी चुकलं तरी रोलर तळ राखत नाही, फोडतो.

हे मी आमच्या १८ फुटी फायबर बोटीच्या तळाला गेलेली हातभर चीर बघून शिकलो. ट्रेलरला आधी नुसत्या लाकडी पट्ट्या होत्या, वरून जुनी चटई. दर खेपेला जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर, ओरखडे उठत, म्हणून मी पाच रोलर आणून बसवले. दोन महिन्यांत ओरखडे थांबले, आणि पावसाळ्यानंतर बोट पाण्यात घातली तेव्हा आत पाणी यायला लागलं. रोलर चांगले होते. बसवणं चुकलं होतं.

सगळे रोलर डोळ्यांच्या अंदाजाने एका रेषेत लावणं

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात महाग चूक हीच. समजा बोट, इंजिन आणि पेट्रोल मिळून ६०० किलो आणि कीलखाली पाच रोलर. कागदावर एकेकाला १२० किलो येतात. पण फायबरची कील ताठ असते, ती रबरासारखी खाली वाकून प्रत्येक रोलरला टेकत नाही. दोन रोलर बाकीच्यांपेक्षा १० मिलिमीटर जरी वर राहिले तरी सगळे ६०० किलो त्या दोघांवरच, आणि उरलेले तीन नुसते शोभेला. रोलरचा तळाला होणारा स्पर्श जेमतेम दोन बोटं रुंद. एवढ्याशा जागेवर ३०० किलो, आणि वर रस्त्यातल्या खड्ड्यांचे दणके.

गवंडी भिंतीला लावतात तशी लाइनदोरी पहिल्या रोलरपासून शेवटच्यापर्यंत ताणा. ट्रेलर सपाट जागी, जॅकवर स्थिर हवा. मात्र दोरी सरळ असते आणि प्रत्येक बोटीची कील सरळ नसते. नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, ती वर वळते. म्हणून पुढचे एक-दोन रोलर दोरीने नव्हे, बोट वर घेतल्यावरच जुळवा. ब्रॅकेटला वर-खाली सरकवायला लांबट खाच हवी ती यासाठीच. वेल्डिंग करून कायमचे चिकटवलेले ब्रॅकेट घेऊच नका.

मग वर्तमानपत्राची पट्टी घ्या आणि प्रत्येक रोलर आणि कील यांच्यामध्ये सरकवून बघा. पट्टी अलगद निघाली तर तो रोलर काहीच उचलत नाही. ओढताना फाटली तर तो कामाला लागलाय. सगळीकडे सारखीच घट्ट बसेपर्यंत नट सैल-घट्ट करत राहा. अर्धा दिवस जातो. जाऊ द्या.

भार तळाच्या पोकळ भागावर देणं

बोटीचा तळ सगळीकडे सारखा जाड नसतो. कील, आतले लांब आडणे (तळाला आतून ताठ ठेवणाऱ्या, बोटीच्या लांबीने जाणाऱ्या पट्ट्या) आणि मागची ट्रान्समची भिंत, एवढेच मजबूत. त्यांच्या मधला तळ तुलनेने पातळ. बाजूचे रोलर कुठे लावायचे हे बाहेरून ठरवू नका. आतली फळी उचलून आडणे कुठून जातात ते मोजा आणि तेच माप बाहेर उतरवा. माझी चीर नेमकी दोन आडण्यांच्या मधोमध होती.

शक्य असेल तर बाजूला एकेरी रोलरऐवजी झुलणारी जोडी लावा. मधल्या खिळीवर ती हलते आणि तळाच्या उताराप्रमाणे आपोआप बसते. मला स्वतःला मात्र आमच्यासारख्या लहान बोटीला मिश्र पद्धत जास्त पटते. मध्ये कीलखाली रोलर, त्यांच्यावर भार. बाजूला चटई लावलेल्या लाकडी पट्ट्या, बोट कलू नये एवढ्यापुरत्या.

ट्रान्समकडे खास लक्ष द्या. ६० एचपीचं फोर-स्ट्रोक इंजिन शंभर किलोच्या वर जातं आणि ते पार टोकाला लटकतं. शेवटचा आधार ट्रान्समच्या एक-दीड फूट अलीकडेच संपला, तर मागचा तळ हळूहळू खाली वाकतो. लांबून दिसत नाही. तळाला लांब सरळ पट्टी लावली की दिसतं. असा वाक आलेली बोट पाण्यात नाळ खाली दाबते, वेग कमी होतो, आणि आपण मात्र प्रोपेलर बदलत बसतो. शेवटचा आधार ट्रान्समच्या अगदी खाली आला पाहिजे.

रोलर काळ्या रबराचा घेणं

काळं रबर स्वस्त, पण पांढऱ्या जेलकोटवर काळे पट्टे सोडतं. आमच्याकडच्या उन्हात ते कडक होतं आणि त्याला भेगा पडतात. पिवळे-नारिंगी पॉलियुरेथेनचे रोलर डाग पाडत नाहीत आणि टिकतातही जास्त. कडक नायलॉनचे रोलर छान फिरतात, पण दणका तसाच तळाला देतात, म्हणून ते कीलखाली नकोत.

रबरी रोलर असेल तर त्याच्या शाफ्टला गाडीचं ग्रीस फासू नका. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगतं आणि शाफ्टला आवळून धरतं. मग फिरायचा रोलर थांबतो, आणि थांबलेल्या रोलरवर वाळूचे चार कण बसले की झाला सॅण्डपेपर. सिलिकॉनचा फवारा चालतो.

रोलर खरंच फिरतो का, हे खडूने तपासा. प्रत्येकावर एक आडवी रेघ मारा, बोट विंचने (ट्रेलरच्या पुढच्या खांबावरच्या, पट्टा गुंडाळणाऱ्या चकरीने) फूटभर ओढा. तीन इंच व्यासाचा रोलर तेवढ्यात एक फेरी पुरी करून थोडा पुढे जातो. ज्याची रेघ हललीच नाही तो एकतर अडकलाय किंवा तळाला लागतच नाही. दोन्हींचा उपाय वेगळा, म्हणून आधी कागदाची पट्टी, मग खडू. अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ब्रॅकेट आवळून बसवणं. दोन्ही बाजूंना वायसर टाकून दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. शाफ्टला स्प्लिट पिन किंवा नायलॉकचा (आत नायलॉनचं कडं असलेला) नट लावा. नुसता नट खड्ड्यांत सुटतो.

जस्त जाळून वेल्डिंग

गॅल्व्हनाइझ केलेल्या, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या सांगाड्यावर भोक पाडलं किंवा वेल्डिंग केलं की तिथलं जस्त गेलं. खाऱ्या हवेत ती जागा एका मोसमात गंजते, आणि बॉक्स पाइप असेल तर आतून, न दिसता. म्हणून यू-बोल्टने ब्रॅकेट कसणं केव्हाही बरं. वेल्डिंगशिवाय गत्यंतरच नसेल तर आधी त्या जागेचं जस्त घासून काढायला सांगा. जस्त ९०७ अंशांना उकळतं, वेल्डिंगची ठिणगी त्याहून कितीतरी गरम. तो पांढरा धूर छातीत गेला की वेल्डरला संध्याकाळी कसकस आणि ताप भरतो. काम उघड्यावर, धूर तोंडावर येणार नाही अशा बाजूला उभं राहून. नंतर जस्ताचा रंग दोन हात.

शाफ्टसाठी ३१६ ग्रेडचं स्टेनलेस घ्या. ३०४ समुद्राकाठी तांबूस डाग धरतं. बारीक स्टेनलेस शाफ्ट आणि मोठा जस्ताचा ब्रॅकेट ही जोडी चालते. उलटं करू नका. मोठ्या स्टेनलेस ब्रॅकेटला बारीक जीआय (जस्त चढवलेला) बोल्ट लावला तर त्याचं जस्त लवकर खाल्लं जातं आणि मग बोल्टही.

बोट मागे-पुढे सरकली, हे विसरणं

रोलर बसवताना बोट थोडी वर उचलली जाते, बहुधा चार-सहा इंच मागेही जाते. एवढ्याने गाडीच्या हुकवरचं वजन बदलतं. बोटीच्या ट्रेलरला एकूण वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के भार हुकवर हवा. तो कमी झाला की ट्रेलर शेपटासारखा डुलायला लागतो, आणि फोंडा घाटाच्या उतारावर ते डुलणं सुरू झालं तर सावरणं फार कठीण. ट्रेलरसकट ८०० किलो असतील तर हुकवर ४० ते ८० किलो. घरातला वजनकाटा फळीवर ठेवून मोजता येतं, बाहेर कुठे जायला नको. कमी भरलं तर विंचचा खांब पुढे सरकवा.

नाळेचा रोलरही त्याच वेळी जुळवा. विंचचा पट्टा ज्या कडीला अडकतो ती कडी नाळेच्या रोलरच्या किंचित खाली आली पाहिजे. वर राहिली तर ब्रेक मारला की नाळ रोलरवरून उडी मारून पुढे येते.

उतारावर विंच आधीच सोडणं

या एका चुकीने माणसं जखमी होतात. लाकडी पट्ट्यांवर बोट चिकटून राहायची, ओढावी लागायची. तीच सवय घेऊन आपण उतारावर पोचलो की आधी विंच सोडून मोकळे होतो. चांगले फिरणारे रोलर असतील तर बोट त्याच क्षणी मागे निघते, कोरड्या सिमेंटवर. मागे कोणी उभं असेल तर विचारू नका. ट्रान्सम पाण्यात तरंगायला लागेपर्यंत विंचचा पट्टाही लावलेला हवा आणि जोडीची साखळीही. रस्त्यावर असताना मागून ट्रान्समला दोन पट्टे वेगळे बांधा. विंच एकटी बोट धरून ठेवायला नाही.

भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या) ओहोटीला पाणी फार दूर जात नाही, उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या) ओहोटीला जातं. तेव्हा ट्रेलर उताराच्या टोकाबाहेर, वाळूत न्यावा लागतो आणि सांगाड्याचं शेपूट घासतं. यावर शेवटच्या आडव्या पाइपखाली दोन छोटी भरीव चाकं लावतात. ती सपाट जमिनीपासून १५ सेंटिमीटर तरी वर राहू द्या. खाली लावली तर प्रत्येक गतिरोधकावर ट्रेलरचे टायरच उचलले जातात. वाळूसाठी रुंद चाकं, नाहीतर ती रुततात आणि नांगर होऊन बसतात.

पावसाळाभर बोट रोलरवर सोडून देणं

माझ्या चिरेचं खरं कारण शेवटी हेच निघालं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, पर्यटनाच्या बोटीही पावसात वर असतात. आपण तीन महिने बोट ट्रेलरवरच ठेवतो. ताडपत्री वाऱ्याने उडाली आणि तळाचा बूच लावलेलाच राहिला, तर काय होतं ते मोजा. बोटीचं तोंड साडेसात चौरस मीटर धरा. कोकणात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस नवलाचा नाही. म्हणजे ७५० लिटर, म्हणजे ७५० किलो. बोटीच्या स्वतःच्या वजनाहून जास्त, त्याच पाच रोलरांवर.

आता मी मे अखेरीला बूच काढून किल्लीच्या जुडग्यात अडकवतो, नाळ थोडी उंच ठेवतो की पाणी मागून निघून जावं, आणि कीलखाली रोलरांच्या मधोमध तीन जागी लाकडी ठोकळे पाचरींनी कसतो. रोलर थोडे खाली घेतो, इतके की कागदाची पट्टी सहज निघावी. नारळी पौर्णिमेच्या आधी ठोकळे काढायचे, रोलर परत वर घ्यायचे, पट्टी पुन्हा फिरवायची आणि शेवटी बूच घट्ट लावायचा.