पॅथॉलॉजीची सीट निवडताना आधी बायॉप्सीचा नंबर विचारा

नीट-पीजीचा (डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा) निकाल लागलाय आणि पॅथॉलॉजीच घ्यायची हे ठरलंय, असं धरून चालते. राज्यातल्या सरकारी कॉलेजांच्या निम्म्या सीटा ऑल इंडिया कोट्यातून एमसीसी (केंद्राची मेडिकल काउन्सेलिंग कमिटी) भरते, उरलेल्या राज्याचा सीईटी सेल. दोन्हीकडे नोंदणी करा. बाँड, फी, सीट सोडल्याचा दंड माहितीपुस्तिकेत असतो, तो वाचा. मागच्या वर्षीचे कट-ऑफ बघून पंधरा-वीस नावं काढा. एका संध्याकाळचं काम.

खरी गोची पुढे आहे: या नावांचा क्रम लावायचा कसा? ‘मोठं नाव बघ आणि भर’ असं सीनिअर सांगतात. मीही तेच केलं. कॉलेजचं नाव सांगत नाही, पण पहिलं वर्ष सेंट्रल लॅबच्या ड्युट्यांत गेलं आणि साइन-आउट (केसचं निदान पक्कं करून रिपोर्ट अंतिम करणं) म्हणजे माझ्या रिपोर्टवर सरांची सही, एवढंच. शेजारी बसवून स्लाइड कुणी दाखवली नाही. फायनलला लिम्फ नोडची स्लाइड समोर आली तेव्हा घाम फुटला.

म्हणून सांगते, स्वतः जा. कामाच्या दिवशी अकराच्या सुमारास, विभागप्रमुखांची परवानगी घेऊन. थेट ग्रॉसिंग रूम (आलेले नमुने बघून कापतात ती खोली) गाठा आणि आज कोणता बायॉप्सी नंबर चाललाय ते विचारा. बहुतेक ठिकाणी हा नंबर जानेवारीत एकपासून सुरू होतो. ऑक्टोबरअखेर तो ६,००० वर असेल तर महिन्याला ६०० केसेस; रेसिडेंट दहा असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ६०. मग त्यात काय काय येतं ते विचारा. नुसती अपेंडिक्स आणि पित्ताशयं असतील तर आकड्याला भुलू नका. शंभरावं पित्ताशय काही नवं शिकवत नाही. ब्रेस्ट, लिम्फ नोड, हाडं येतात का? फ्रोझन (ऑपरेशन चालू असतानाच नमुना गोठवून केलेली तपासणी) होतं का? आयएचसी (अँटिबॉडी वापरून पेशी ओळखायची तपासणी) इथेच होते की ब्लॉक (मेणात बसवलेला नमुना) बाहेर पाठवतात?

नंतर मल्टिहेड मायक्रोस्कोप बघा, म्हणजे एकच स्लाइड अनेकांना एकत्र बघता येते तो. मुख्य खुर्चीसमोरची आयपीस चकचकीत आणि बाजूच्यांवर धूळ असेल, तर समजून जा.

बोलायचं ते जेआर-टूशी, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या ज्युनिअर रेसिडेंटशी. जेआर-वन झोपेला आलेला असतो, जेआर-थ्री थिसिस आणि परीक्षेत बुडालेला. ‘कॉलेज कसं आहे?’ विचारलंत तर ‘चांगलंय’ एवढंच ऐकाल. त्याऐवजी विचारा, ‘तुझं डायग्नोसिस शेवटचं कधी बदललं, आणि का ते कुणी दाखवलं?’ उत्तर पटकन आलं, वर स्लाइडचं वर्णनही आलं, तर ते कॉलेज यादीत वर न्या. तो आठवत बसला तर खाली.

डीएनबीलाही (एमडीच्या तोडीचा, रुग्णालयांतून होणारा कोर्स) हेच प्रश्न. खाजगी रुग्णालयांत आयएचसी बहुधा चांगली असते, पण ऑटोप्सी क्वचितच बघायला मिळते. एमडीला जिल्हा रुग्णालयातले तीन महिने सगळ्यांनाच असतात, त्यावरून निवड करू नका.

चॉइस भरताना हवं ते कॉलेज वर टाका, मिळण्याची शक्यता कितीही कमी असो. वर टाकल्याने खालची सीट हातची जात नाही. मग लॉक करा आणि प्रिंट काढून ठेवा.