रिपीटर बहिरा झाला तर डुप्लेक्सरला आधी हात लावू नका

रिपीटर, म्हणजे एका फ्रीक्वेन्सीवर ऐकून तेच लगेच दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर पुढे पाठवणारं रेडिओ केंद्र, ऐकत नाही अशी तक्रार आली, की कुणीतरी डुप्लेक्सर, म्हणजे एकाच अँटेनावर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर चालावेत म्हणून लावलेला फिल्टरांचा संच, पिळायला निघतो. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! नीट बसलेलं ट्यूनिंग अंदाजाने हललं की मूळ दोष तर राहतोच, वर आणखी एक वाढतो.

माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ट्रान्समीटर बंद असताना त्रास होतो का? रिसीव्हरला वेगळा स्पीकर लावा आणि जेमतेम ऐकू येणाऱ्या एखाद्या स्टेशनला बोलत राहायला सांगा. मग ट्रान्समीटर चालू करा. आवाज खरखरीत बुडाला, तर हा डिसेन्स, आपल्याच ट्रान्समीटरमुळे रिसीव्हरला आलेला बहिरेपणा, म्हणजे दोष आपल्याच पेटीतला किंवा आपल्याच टॉवरवरचा. फरक पडला नाही, तर चोर बाहेरचा.

डिसेन्स कानावर सोडू नका, मोजा. डुप्लेक्सर आणि रिसीव्हर यांच्यामध्ये आयसो-टी (लाइन न तोडता मोजणीचा सिग्नल आत सोडणारा जोड) लावून सिग्नल जनरेटर जोडा. ट्रान्समीटर बंद ठेवून १२ डीबी सिनॅड (आवाज खरखरीच्या किती वर आहे त्याचं माप) मिळवा, मग तो चालू करून जनरेटर किती डीबी वाढवल्यावर तेवढंच सिनॅड परत मिळतं ते पाहा. आता अँटेनाच्या जागी डमी लोड (सगळी शक्ती आतच जिरवणारा रोध) लावून हेच पुन्हा करा.

डमी लोडवर डिसेन्स गेला, तर अँटेना, फीडर (अँटेनाकडे जाणारी केबल), कनेक्टर किंवा टॉवरचे गंजलेले सांधे तपासा. ट्रान्समीटर चालू ठेवून एकेका कनेक्टरवर स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीने हलकेच टिचक्या मारा. सैल जोड लगेच कुरकुरतो. पीएल-२५९ कनेक्टर मला रिपीटरवर दिसलाच नाही पाहिजे, तिथे एन कनेक्टरच हवा. ॲल्युमिनियम फॉइलवर टिनचा मुलामा दिलेल्या तांब्याची जाळी असलेली केबलही डुप्लेक्स कामात दगा देते. दुहेरी जाळीची आरजी-२१४ वापरा.

डमी लोडवरही डिसेन्स राहिला, तर एक जादा कॅव्हिटी (डुप्लेक्सरमध्ये असतो तसा एक सुटा फिल्टर) घ्या. ट्रान्समीटरची फ्रीक्वेन्सी अडवणारी कॅव्हिटी रिसीव्हरच्या लाइनीत टाकून सुधारलं, तर रिसीव्हर ओव्हरलोड होतोय. रिसीव्हरची फ्रीक्वेन्सी अडवणारी ट्रान्समीटरच्या लाइनीत टाकून सुधारलं, तर ट्रान्समीटरचा नॉइज आत येतोय. डुप्लेक्सर ट्यून करायची वेळ आलीच, तर एकेक कॅव्हिटी वेगळी काढून करा. नॅनोव्हीएनए या छोट्या मोजणी यंत्राची पोच साधारण ७० डीबीची, त्यामुळे ८० डीबीचा पूर्ण नॉच, म्हणजे अडवलेल्या फ्रीक्वेन्सीवरचा खड्डा, त्यावर दिसत नाही.

बाहेरचा चोर बहुधा इंटरमॉड, म्हणजे दोन सिग्नल मिसळून तयार झालेला तिसरा सिग्नल, असतो. कधी त्या दोनांतला एक आपलाच असतो. समजा आपला ट्रान्समीटर १४५.६५० मेगाहर्ट्झवर आणि रिसीव्हर १४५.०५० वर आहे. शेजारी कुणी १४६.२५० वर बोललं, तर १४५.६५० ची दुप्पट वजा १४६.२५० म्हणजे थेट १४५.०५०! हे गणित जुळायला दोन्ही ट्रान्समीटर एकाच वेळी चालू असावे लागतात, म्हणून त्रास मधूनच येतो आणि लोक भुताखेतांवर जातात. रिसीव्हरच्या तोंडाशी ६ डीबी अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक मापाने घटवणारा तुकडा) लावा. बाहेरून आलेला सिग्नल ६ डीबीनेच घटेल. रिसीव्हरमध्येच मिसळून जन्मलेला तिसऱ्या क्रमाचा (वरच्या गणितातल्यासारखा) सिग्नल १८ डीबीने कोसळेल. तो ६ नेच घटला, तर मिश्रण एखाद्या ट्रान्समीटरमध्ये किंवा गंजलेल्या जोडात होतंय.

सतत गुणगुण असेल तर रिपीटर बॅटरीवर घ्या आणि खोलीतले चार्जर, एलईडी दिवे एकेक करून बंद करा. वीजतारांवरची ठिणगी शोधायला एएम रिसीव्हर आणि हातातली यागी (एकाच दिशेला रोखता येणारी अँटेना) लागते. एफएमचा लिमिटर, म्हणजे सिग्नलची उंची कापणारा भाग, असला नॉइज लपवतो.

सीटीसीएसएस, म्हणजे ठरलेला बारीक टोन आला तरच रिपीटर उघडणारी सोय, लावून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. टोन नसेल तर स्क्वेल्च (रिसीव्हरचा आवाज अडवणारं दार) बंद राहतो, रिपीटर शांत वाटतो, पण रिसीव्हर तेवढाच बहिरा असतो आणि लांबच्या माणसाचा आवाज पोचतच नाही.