भाड्याचं सेस्ना: पाटीवरचा दर आणि हातात पडणारं बिल

अमेरिकेत खाजगी वैमानिकाचं लायसन्स मिळालं की पुढचा प्रश्न विमान कुठून आणायचं हा असतो. स्वतःचं घेणारे थोडे. बाकीचे फ्लाइंग स्कूलमधून किंवा क्लबातून तासाच्या भाड्याने घेतात. भारतातल्या फ्लाइंग क्लबांतही तासावर विमान मिळतं, पण ते मुख्यतः प्रशिक्षणासाठी. शनिवारी सकाळी विमान उचललं, एका मित्राला घेऊन समुद्रकाठी जेवून दुपारी परत, हा प्रकार अमेरिकेत चांगला रुळलेला आहे. म्हणून इथला हिशेब डॉलरमध्येच मांडला आहे.

ढोबळ दर असे. दोन आसनी सेस्ना १५२ तासाला ११० ते १५०, चार आसनी सेस्ना १७२ साधारण १५० ते २२०, सायरस एसआर२२ साडेतीनशेच्या पुढे. शहर, विमानाचं वय आणि पॅनेल (वैमानिकासमोरची उपकरणं) यांवर आकडा वरखाली होतो. पण नुसता हा आकडा घेऊन दोन ठिकाणांची तुलना केलीत तर फसाल. मीटर कुठला, इंधन कुणाचं, रोजचे किमान तास किती आणि विमा कुणाला वाचवतो, ही चार उत्तरं हाती आल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही.

मीटर: हॉब्ज की टॅक

हॉब्ज मीटर घड्याळासारखा चालतो. बहुतेक विमानांत तो ऑइल प्रेशरच्या स्विचला जोडलेला असतो, म्हणजे इंजिन सुरू झालं की तोही सुरू. टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या वाटेवर, रांगेत उभे असलात तरी रिक्षाच्या वेटिंगसारखं भाडं चढतच राहतं. शेवटचा आकडा तासाचा दहावा भाग दाखवतो, म्हणजे सहा मिनिटं.

टॅक मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. क्रूझच्या (उंची गाठल्यावरच्या सलग उड्डाणाच्या) आसपासच्या एका ठरावीक आरपीएमला त्याचा एक तास खऱ्या तासाएवढा भरतो. १००० आरपीएमवर टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर विमान चालवताना, तो निम्म्याहूनही हळू सरकतो. त्यामुळे एकाच उड्डाणाला टॅकचा आकडा हॉब्जपेक्षा साधारण १० ते २० टक्के कमी येतो.

आता हिशेब. एका ठिकाणी १६० डॉलर हॉब्ज, दुसऱ्या ठिकाणी १८५ डॉलर टॅक. हॉब्जवर १.५ तास भरले तर बिल २४०. त्याच उड्डाणाला टॅक १.२५ भरला तर बिल २३१. पाटीवर महाग दिसणारं विमान स्वस्त पडलं. गर्दीच्या विमानतळावरून उडून सर्किट (टेकऑफ, विमानतळाभोवती फेरी आणि लँडिंग) मारायची असतील तर टॅकचा फायदा मोठा. सलग तीन तास क्रूझ करणार असाल तर दोन्ही मीटर जवळजवळ सारखेच पळतात, तेव्हा कमी दर पाहा.

काही विमानांत हॉब्ज थेट मास्टर स्विचवर, म्हणजे विजेच्या मुख्य स्विचवर असतो. मास्टर ऑन करा, इंजिन सुरू करू नका आणि मीटरवरची छोटी खूण फिरते का ते बघा. फिरत नसेल तर हवामानाचं रेकॉर्डिंग ऐकणं, फ्रिक्वेन्सी लावणं, जीपीएसमध्ये मार्ग भरणं ही कामं इंजिन सुरू करण्याआधीच उरकता येतात. प्रत्येक वेळी एक-दोन दशांश वाचतात. बॅटरी जुनी असेल तर हे दोन-तीन मिनिटांत आटपा, नाहीतर स्टार्टर गचके खाईल. रन-अपमध्ये, म्हणजे उडण्याआधीच्या इंजिनाच्या तपासणीत, मात्र घाई करायची नाही. मॅग्नेटो (स्पार्क प्लगला वीज देणारे भाग) तपासताना आरपीएम जास्त पडले तर बहुतेकदा स्पार्क प्लगवर शिसं किंवा काजळी बसलेली असते आणि ती जाळून काढायला आणखी पाच मिनिटं जातात. टॅक्सी करताना मिक्श्चर चांगलं लीन ठेवलं (हवेच्या मानाने इंधन कमी केलं) तर ही वेळच सहसा येत नाही.

वेट आणि ड्राय

वेट दरात इंधन धरलेलं असतं, ड्रायमध्ये ते तुम्ही भरायचं. सेस्ना १७२ क्रूझला नीट लीन केलं तर तासाला साधारण साडेआठ ते नऊ गॅलन पितं. ड्राय दर १२५ आणि विमानाचं पेट्रोल म्हणजे अ‍ॅव्हगॅस साडेसहा डॉलर गॅलन धरलं, तर साडेआठ गॅलनचे ५५ मिळून तासाला १८० पडतात. लीन करायचा कंटाळा केला तर तासाला गॅलनभर जादा सहज जातं. ड्रायमध्ये तो खर्च तुमचा. वेटमध्ये पैसे दुसऱ्याचे जातात, पण हाताशी असलेलं इंधन तुमचंच कमी होतं, ते जास्त वाईट.

वेट भाड्यातला खरा खाचखळगा बाहेरगावी भरलेल्या इंधनात असतो. मालक पैसे परत देतो, पण आपल्या घरच्या पंपाच्या दरानेच. तिकडे ७.४० ने २० गॅलन घेतलं आणि परतावा ६ डॉलरने मिळाला तर २८ डॉलर तुमच्या खिशातून. निघण्यापूर्वी एअरनॅव्ह किंवा फोरफ्लाइटवर मार्गातल्या विमानतळांचे दर पाहा. एकाच विमानतळावर स्वतः भरायचा पंप आणि टँकर यांत गॅलनमागे डॉलरहून जास्त फरक असू शकतो. पावतीवर विमानाचा नोंदणी क्रमांक आणि गॅलन हवेतच, नाहीतर परतावा अडतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्यांसाठी एक वेगळी बाब. सॅन होजेचा रीड-हिलव्ह्यू आणि दक्षिणेकडचा सॅन मार्टिन, या दोन विमानतळांवर सँटा क्लारा काउंटीने १ जानेवारी २०२२ पासून शिसेयुक्त १००एलएल हे पेट्रोल विकणं बंद केलं. बिनशिशाचं इंधन घालायचं तर त्या विशिष्ट विमानाला तशी मंजुरी लागते. पंपाला हात लावण्याआधी मालकाला विचारा.

किमान तास

विमान दिवसभर नेलं तर दिवसाला दोन, तीन, कधी चार तासांचं भाडं किमान द्यावंच लागतं. कारण उघड आहे: तुम्ही जेवत असताना ते विमान दुसऱ्या कुणाला देता येत नाही. समजा दर १७५ आणि रोजचे किमान तीन तास. शुक्रवारी संध्याकाळी निघालात, रविवारी संध्याकाळी परतलात, उडालात ३.२ तास. दिवस २४ तासांचा धरला तर दोन दिवसांचे सहा तास, म्हणजे न उडलेल्या २.८ तासांचे ४९० डॉलर. पण करारात कॅलेंडरचा दिवस असेल तर शुक्रवार, शनिवार, रविवार मिळून नऊ तास आणि जादा भुर्दंड १,०१५. करारातल्या एका ओळीने पाचशे डॉलरचा फरक पडतो. काही ठिकाणी आठवड्याच्या मधल्या दिवशी ही अट शिथिल करतात. विचारून बघायला काही जात नाही.

त्याच करारात आणखी तीन गोष्टी शोधा. हवामानामुळे अडकलात तर किमान तास लागू राहतात का? विमान तिथेच सोडून परत आलात तर ते आणण्याचा खर्च कुणाचा? (बहुतेक ठिकाणी तुमचाच.) आणि बिघाड झाला तर फोन न करता किती रकमेपर्यंत दुरुस्ती करून घेता येते? शंभर तासांची तपासणी किती टॅक तासांवर आहे तेही पाहून घ्या. तीनच तास शिल्लक असतील आणि तुमची सहल पाच तासांची असेल, तर ते विमान तुम्हाला द्यायला कुणी सहसा तयार होणार नाही. हे आदल्या रात्री कळण्यापेक्षा बुकिंग करताना कळलेलं बरं.

चेकआउट आणि चालू राहण्याचा खर्च

एफएएचं (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचं) लायसन्स असलं तरी नव्या ठिकाणी तिथल्या प्रशिक्षकाबरोबर चेकआउट, म्हणजे विमान नीट हाताळता येतं का याची चाचणी, द्यावाच लागतो. दीड तास विमान १७५ ने २६२.५० आणि जमिनीवरचा वेळ धरून अडीच तास प्रशिक्षक ७५ ने १८७.५०, म्हणजे ४५० डॉलर. काचेच्या पॅनेलचं, म्हणजे घड्याळांऐवजी स्क्रीन असलेलं, जी१००० पहिल्यांदाच वापरत असाल तर आणखी दोन-तीन तास धरा. महिन्यातून एकदाच उडणाऱ्याने जुन्या गोल घड्याळांचं १७२ घ्यावं. दर कमी असतो आणि हात लवकर बसतो.

प्रवासी न्यायचे तर एफएएच्या नियमानुसार मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग हवीत. रात्रीसाठी ती रात्रीच आणि पूर्ण थांबून केलेली. मालकाचा नियम बऱ्याचदा याहून कडक असतो, ६० किंवा ३० दिवसांचा. तो चुकला की पुन्हा प्रशिक्षक आणि पुन्हा पैसे. त्यामुळे मुदत संपायच्या आठवडाभर आधी शांत विमानतळावर तीन सर्किट मारून यावीत. ०.७ ते ०.८ तासांत काम होतं आणि दुसऱ्या चेकआउटच्या निम्म्याहून कमी खर्च येतो.

दहा तासांचे पैसे आगाऊ भरले तर दर थोडा कमी करून मिळतो. घ्यायला हरकत नाही, पण एका वेळी महिना-दोन महिन्यांत संपतील एवढेच तास घ्या. धंदा बंद पडला तर आगाऊ पैसे परत मिळवणं कठीण असतं. वर्षाला पन्नासेक तास उडत असाल तर क्लब पाहा. प्रवेश फी आणि महिन्याची वर्गणी असते, पण तासाचा दर कमी असतो.

विमा

इथे सर्वांत मोठा गैरसमज आहे. विमानाचा विमा असतो, पण तो मालकाचं नुकसान भरून देतो. विमान तुमच्या हातून आपटलं तर मालकाची विमा कंपनी त्याला पैसे देऊन पुढे तीच रक्कम तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते. म्हणून नुसता ‘डिडक्टिबल (नुकसानीतला स्वतः भरायचा वाटा) किती’ एवढंच विचारून थांबू नका. भाडेकरूवर वसुलीचा हक्क सोडला आहे का, हे लेखी मागा. सोडला नसेल तर भाडेकरूसाठीचा स्वतंत्र विमा घ्या. त्यात दोन भाग असतात. पहिला इतरांच्या इजेचा आणि मालमत्तेचा. त्यात दर प्रवाशामागे बऱ्याचदा एक लाख डॉलरची मर्यादा असते. दुसरा भाड्याच्या विमानाच्या नुकसानीचा. हप्ता वाचवायला लोक दुसरा भाग गाळतात, आणि नेमका तोच लागतो.

छोटे खर्च मात्र विम्यात बसत नाहीत. ब्रेक दाबून धरलेल्या पायांनी लँडिंग केलं तर टायर एका जागी चपटा घासतो आणि नवा टायर तुमच्या नावावर लागतो. मास्टर चालू राहिला की सकाळी बॅटरी मेलेली. म्हणून विमान घेताना टायर हाताने चाचपून, थोडं पुढे ढकलून खालची बाजूही बघा, फोटो काढा आणि आधीचं नुकसान बिघाडाच्या वहीत नोंदवा. मीटरचे आकडे स्वतः वाचून लिहा. आधीच्या माणसाने चुकीचा आकडा लिहिला असेल तर त्याचे दशांश तुमच्या बिलात येतात.

वाटणी

खाजगी वैमानिकाला प्रवाशांकडून खर्चाची वाटणी घेता येते, पण एफएएच्या नियम ६१.११३ प्रमाणे स्वतःचा समान वाटा तरी भरावाच लागतो. वाटणीत इंधन, तेल, विमानतळाचे खर्च आणि भाडं एवढंच येतं. विम्याचा हप्ता किंवा चेकआउट त्यात बसत नाही. कॅलिफोर्नियात पालो आल्टोहून माँटेरे सुमारे ५४ नॉटिकल मैल. जाऊन-येऊन हॉब्ज १.८ धरला तर १७५ ने ३१५, पार्किंगचे २५ धरून ३४०. दोघे असाल तर प्रत्येकी १७०, चौघे असाल तर ८५.

पण चौघे बसतात का? सेस्ना १७२च्या एस मॉडेलमध्ये (१७२एस) वापरण्याजोगं इंधन ५३ गॅलन, गॅलनला सहा पौंड, म्हणजे टाक्या भरल्या की ३१८ पौंड. बहुतेक १७२एसमध्ये त्यानंतर माणसं आणि सामान मिळून साडेपाचशे पौंडांच्या, म्हणजे अडीचशे किलोंच्या आसपास जागा उरते. चार मोठी माणसं त्यात मावत नाहीत. इंधन कमी भरून जवळ जाता येईल, पण त्यासाठी त्याच विमानाचा वजनाचा कागद हवा. पुस्तकातला आकडा चालत नाही.

आणि ‘टाहोला दोन सीट रिकाम्या, प्रत्येकी ८०’ असा निरोप महाराष्ट्र मंडळाच्या तीनशे जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. लोकांना आवतण देऊन पैसे घेणं एफएएच्या लेखी व्यावसायिक वाहतूक ठरू शकतं. बरोबर येणाऱ्यांना त्या ठिकाणी जायचं स्वतःचं कारणही असायला हवं.

डीजीसीएचं लायसन्स असेल तर

भारतातून मुलांकडे येणाऱ्या वैमानिकाला एफएएच्या नियम ६१.७५ खाली डीजीसीए (भारताचा विमान वाहतूक नियामक) लायसन्सच्या आधारावर अमेरिकन प्रमाणपत्र मिळतं. हातात कमर्शियल लायसन्स असलं तरी मिळतात ते खाजगीचेच अधिकार. ओक्लाहोमा सिटीच्या एफएए कार्यालयाकडे पडताळणीचा अर्ज निघायच्या किमान तीन महिने आधी करा. ते डीजीसीएकडून खातरजमा करून पत्र देतात आणि ते सहा महिने चालतं. मग अमेरिकेत एफएएच्या कार्यालयात प्रत्यक्ष भेट, त्यानंतर प्रशिक्षकाबरोबर फ्लाइट रिव्ह्यू (उजळणीची तपासणी): किमान एक तास जमिनीवर, एक तास हवेत. रिव्ह्यू आणि चेकआउट एकाच दिवशी एकाच विमानात करून घेतले तर एका फेरीचं भाडं वाचतं. भारतातलं लायसन्स संपलं किंवा मेडिकल (वैद्यकीय प्रमाणपत्र) चालू नसलं की या प्रमाणपत्रावर उडता येत नाही, तेव्हा तारखा आधी पाहा.

ज्यांनी प्रशिक्षणच अमेरिकेत घेऊन मागाहून डीजीसीएचं रूपांतर केलं, त्यांना हा सगळा खटाटोप नको. एफएएचं जुनं कार्ड मुदतीने बाद होत नाही, रिव्ह्यू आणि मेडिकल चालू असले की झालं. फक्त पत्ता भारतातला असेल आणि अमेरिकेत राहता पत्ता नसेल, तर २०२५ पासून एफएएकडे अमेरिकेतला एक प्रतिनिधी नोंदवावा लागतो. तोपर्यंत त्या कार्डावर उडायची परवानगी नाही.