ट्रॅक्टरच्या लोडरची बकेट झिजण्यापासून कशी राखावी

ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवून घेताना बकेटचे माप, तिचा रंग आणि ती किती वजन उचलते याची चौकशी सगळेच करतात. पण ती बकेट किती वर्षे चालेल हे मुख्यतः तिच्या ओठाला, म्हणजे पुढच्या कडेला, लावलेल्या पोलादी पात्यावर ठरते. हे पाते झिजण्यासाठीच दिलेले असते. ते वेळेवर उलटले किंवा बदलले तर तळाच्या पत्र्याला झळ लागत नाही, आणि त्याकडे दुर्लक्ष झाले तर झीज थेट तळात शिरते, जिथली दुरुस्ती नव्या पात्याच्या कितीतरी पट महाग पडते.

झीज कशाने होते हे आधी समजून घ्यावे. आपल्याकडचा मुरूम हा कुजलेला बेसॉल्ट असतो आणि त्यातले कित्येक खनिजकण साध्या पोलादापेक्षा कठीण असतात. ज्या रानात गारगोट्या आहेत किंवा जिथे नदीची वाळू भरली जाते, तिथे तर पाते कानशीने घासल्यासारखे उतरते. साध्या माइल्ड स्टीलचा कठीणपणा ब्रिनेल मापावर साधारण १२० ते १५० भरतो, तर झीजरोधक पोलादाचा ४०० ते ५००. म्हणून स्थानिक वर्कशॉपमध्ये बनवलेल्या बकेटला साध्या पट्टीचे पाते असेल, तर पहिल्याच बदलाच्या वेळी झीजरोधक पोलादाचे पाते मागावे.

पाते तपासण्यासाठी बकेट सपाट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, तळाच्या पत्र्यापुढे पाते किती शिल्लक आहे ते पट्टीने डाव्या कोपऱ्यात, मध्ये आणि उजव्या कोपऱ्यात मोजावे. कोपरे नेहमी आधी गोल होतात, त्यामुळे नुसत्या मधल्या मापावर विसंबू नये. कुठेही दीड-दोन सेंटिमीटरच उरले असेल तर पाते उलटण्याची वेळ झाली. बोल्टने बसवलेले पाते बहुधा दोन्ही बाजूंनी धार असलेले असते, म्हणजे एका खरेदीत दोन आयुष्ये मिळतात. माझ्या पहिल्या लोडरचे पाते मी ‘हंगाम संपल्यावर बघू’ म्हणून तसेच चालवले. उघडले तेव्हा उजव्या कोपऱ्यात तळाचा पत्राच बोटभर खाल्ला गेला होता आणि नव्या पात्याला तिथे टेकायला जागा उरली नव्हती.

उलटताना बसण्याची जागा तारेच्या ब्रशने गंज आणि माती काढून पूर्ण स्वच्छ करावी, कारण पात्यामागे मातीचा थर राहिला की तो दोन दिवसांत निघून जातो आणि बोल्ट सैल होतात. डोकी झिजलेले बोल्ट पुन्हा वापरू नयेत. नवे हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताण सोसणारे, बोल्ट घ्यावेत आणि पहिल्या चार-पाच तासांच्या कामानंतर सगळे पुन्हा आवळावेत. ही शेवटची पायरी बहुतेकांकडून राहते आणि बोल्टची भोके लंबगोल होण्याचे तेच मोठे कारण आहे.

तळाच्या खालच्या बाजूला, टाचेकडे म्हणजे मागच्या भागात, चालण्याच्या दिशेने १० ते १२ मिलिमीटर जाडीच्या तीन-चार पट्ट्या वेल्ड करून घेतल्या तर घासण्याचे काम त्या पट्ट्या करतात. मात्र सगळा तळच जाड पत्र्याने मढवण्याचा मोह टाळावा. तितके वजन लोडरच्या उचलण्याच्या क्षमतेतून वजा होते आणि पुढच्या ॲक्सलवर कायमचे बसते. हार्ड फेसिंगच्या, म्हणजे पत्र्यावर कठीण धातूचा थर चढवणाऱ्या, रॉडने वेल्डिंगच्या रेघा मारायच्या असतील तर दगड-मुरुमाच्या कामासाठी त्या माल सरकण्याच्या दिशेने माराव्यात, आणि वाळू किंवा बारीक मातीसाठी आडव्या, म्हणजे रेघांमध्ये माती दाबून बसते आणि मातीवरच माती घासते. अशा थरावर दिसणाऱ्या केसासारख्या आडव्या भेगा नेहमीच्याच असतात. बोल्टच्या झीजरोधक पात्यावर मात्र हे करू नये, कारण असे पोलाद २५० अंश सेल्सिअसच्या वर तापले की त्याचा कठीणपणा उतरू लागतो.

खरी काळजी कोपऱ्यातल्या आणि पिना ज्यांत बसतात त्या कानांजवळच्या तड्यांची. संशय असेल तिथे जागा घासून स्वच्छ करावी, रॉकेल किंवा डिझेल लावून दहा मिनिटे मुरू द्यावे, कोरडे पुसावे आणि खडूची भुकटी फासावी. तडा असेल तर थोड्याच वेळात पांढऱ्यावर एक ओली काळपट रेघ उमटते. तड्याच्या टोकाला लहानसे भोक पाडावे, तडा ग्राइंडरने खोलपर्यंत उघडावा आणि मगच ७०१८ जातीच्या कोरड्या वेल्डिंग रॉडने भरावा. पावसाळ्यात उघड्या पुड्यातले रॉड ओलावा धरतात आणि त्यांचा जोड पुन्हा तडकतो, म्हणून वेल्डरला नवा पुडा फोडायला सांगण्यात संकोच करू नये. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा सोडाव्यात आणि अर्थिंगचा चिमटा बकेटवरच, जोडाच्या जवळ लावावा. तो ट्रॅक्टरच्या सांगाड्याला लावला तर करंट पिना, बुश आणि सिलिंडरमधून जातो आणि सिलिंडरच्या दांड्याच्या चकचकीत पृष्ठभागावर खड्डे पडतात.

पिनांना धुळीच्या कामात दर आठ-दहा तासांनी ग्रीस द्यावे आणि जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत गन चालवावी. उचललेल्या बकेटखाली कोणत्याही कारणाने जाऊ नये. हायड्रॉलिकचा एक होज फुटला की ती क्षणात खाली येते.

चालवण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची आहे. अंगण किंवा रस्ता सारखा करताना लिव्हर फ्लोटवर, म्हणजे बकेट जमिनीच्या चढउताराप्रमाणे आपोआप वरखाली होते त्या जागी, ठेवावा, म्हणजे पात्यावर फक्त बकेटचे आणि लोडरच्या भुजांचे वजन राहते. बकेट जमिनीत दाबून पुढची चाके उचलली जाईपर्यंत जोर लावणे, किंवा ती पुढे झुकवून उभ्या पात्याने माल मागे ओढणे, यात पाते तर झिजतेच, शिवाय सिलिंडरचे दांडे वाकतात. ढिगात शिरताना बकेट जमिनीला समांतर ठेवून सरळ शिरावे. एकाच कोपऱ्याने ढीग पोखरण्याची सवय असेल तर तो कोपरा आधी जातो.

शेणखत, कारखान्याची मळी किंवा युरिया भरल्यावर बकेट त्याच संध्याकाळी धुवावी, कारण त्यांतले क्षार ओलाव्यासह पत्रा आतून खातात. काळी माती सुकण्याआधी लाकडी फावड्याने काढावी. पावसाळ्याआधी उघड्या पडलेल्या पोलादावर प्रायमर आणि रंग द्यावा, बकेट लाकडी ओंडक्यांवर, आत पाणी साचणार नाही इतकी पुढे झुकवून ठेवावी, आणि इंजिन बंद केल्यावर लिव्हर दोन-तीन वेळा सगळ्या दिशांना हलवून होजमधला दाब सोडून द्यावा.